हयातीचा दाखला : इंदूरच्या रुग्णालयांना एक खुलं पत्र

प्रति,
इंदूर शहरातील सरकारी व खासगी रुग्णालयांचे अधीक्षक, व्यवस्थापक, आयसीयूचे प्रमुख डॉक्टर आणि तिथल्या सिस्टर-ब्रदर मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त तारबाबू आहे. नोकरीची पहिली बारा-तेरा वर्षं खरगोन, बडवानी, महू अशा लहान तारघरांत मोर्सच्या, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक भाषेच्या, कडकट्टवर गेली. उरलेली इंदूरला, आधी टेलिप्रिंटरवर आणि मग कॉम्प्युटरवर. जुलै २०१३ मध्ये सरकारने तार कायमची बंद केली त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. एरवी तारघराकडे न फिरकणारे लोक त्या दिवशी रांग लावून स्वतःच्याच पत्त्यावर आठवण म्हणून तार करत होते. जन्मभर दुसऱ्यांचे निरोप पोचवले. आणि गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस तुमच्यापैकीच एका रुग्णालयात मी असा पडलो की चौतीस दिवस माझा स्वतःचा निरोप हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत जाईना.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथे माझा जीव वाचला, हे पहिल्यांदा सांगतो. डॉक्टर चांगले होते, सिस्टर रात्र-रात्र पायांवर असत. शिवाय घरी आल्यावर रामबागेत, सुदामानगरात ओळखीच्या चार घरांत बोललो, तर रुग्णालय बदललं तरी हकीकत तीच निघाली. म्हणून पत्र सगळ्यांना. आणि मराठीत का, असं विचाराल तर तुमच्यातले कितीतरी डॉक्टर घरी मराठीच बोलतात हे आम्हाला ठाऊक आहे. हिंदी प्रत वेगळी काढतो आहे.

मला जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, झाला होता. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला त्याची साथ आली, तेव्हापासून हे नाव मराठी घरांत नवं नाही. एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. दसऱ्याच्या सुमारास माझं पोट बिघडलं, चार दिवसांत बरंही वाटलं. शरीराची राखण करणारी फौज मात्र तेवढ्यावर थांबली नाही, ती माझ्याच नसांवर उलटली. दिवाळी आटोपली आणि पायांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी जिना चढवेना, तिसऱ्या दिवशी पेला उचलेना, चौथ्या दिवशी श्वास पुरेना. मग व्हेंटिलेटर. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या चढल्या. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्हाला माहीत असूनही कॉटपाशी आल्यावर विसरायला होतं ते एवढंच, की या आजारात माणसाचं अंग जातं, डोकं जात नाही. मी पूर्ण जागा होतो. कोणाची नाइट कधी संपते, कोणाच्या मुलीची परीक्षा आहे, कोणत्या ब्रदरने कोणाकडून उसने पैसे घेतलेत, सगळं ऐकत होतो.

तोंडातून घातलेली नळी श्वासनलिकेत उतरते ती स्वरयंत्राच्या दोन पट्ट्यांच्या मधूनच. त्या पट्ट्या एकमेकींना भिडल्याशिवाय आवाज नाही, म्हणजे नळी आहे तोवर माणूस मुका. पुढे गळ्याला छेद देऊन नळी बसवली की तोंड मोकळं होतं, ओठ हलतात. पण नळीभोवतीचा फुगा फुगवलेला असतो, हवा वर स्वरयंत्रापर्यंत जातच नाही. ओठ हलतात आणि ऐकू काहीच येत नाही. माझ्या मते हा टप्पा जास्त वाईट. कारण आता समोरच्याला वाटतं की आपल्याला कळतंय.

ओठ वाचणं म्हणजे काय ते ऐका. आरशासमोर उभं राहून आवाज न करता ‘पाठ’ म्हणा, मग ‘माठ’ म्हणा. प, ब आणि म ओठांवर अगदी एकसारखे दिसतात. त्यात मी मराठीत कण्हणारा आणि सिस्टर हिंदीत वाचणाऱ्या. माझी पाठ भाजल्यासारखी दुखत होती (जीबीएसमध्ये पाठ आणि पोटऱ्या भयंकर दुखतात). मी ‘पाठ’ म्हणालो. त्या बिचारीने माझं बोट धरून विचारलं, “अंकल, पाठ करना है? हनुमान चालीसा लगा दूँ मोबाइल पे?” आणि लावलाही. ‘मान’ म्हटलं तर तिला कोणीतरी रुसलेलं वाटलं. ‘आई गं’ तर प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडून न विचारता निघतं. त्यावर तिने दाराकडे बघून विचारलं, “कौन आई?” आता हसू येतं. तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी तिने मायेने पुसलं. पाठ तशीच राहिली.

त्याही आधीची एक गोष्ट, जी मला अजून रात्री आठवते. तोंडातून नळी घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या उजव्या हाताचं एक बोट अजून हलत होतं. टाच कशावर तरी घासत होती. मी कॉटच्या लोखंडी दांडीवर बोटाने एल, ई, जी वाजवायला लागलो. हसू नका. जुन्या साउंडरवर (तारेचे संकेत टकटक वाजवणाऱ्या यंत्रावर) आम्ही दोन टकटकींमधल्या अंतरावरूनच डॉट आणि डॅश ओळखायचो, तेव्हा दांडी मला चालण्यासारखी होती. तिथे मोर्स कोणाला येत नसणार हे काय मला कळत नव्हतं? पण वाटलं, इतकं एका लयीत वाजतंय म्हटल्यावर कोणीतरी थांबून बघेल. थांबले. “अंकल का हाथ बहुत चल रहा है, नली खींच लेंगे,” असं ठरलं आणि मनगट सुती पट्टीने दांडीला बांधलं. मग इंजेक्शन. घरी आल्यावर फाइल वाचली, तिथे त्या दिवशीची नोंद आहे : ‘पेशंट रेस्टलेस’. बांधण्यामागे हेतू वाईट नव्हता. नळी उपसली असती तर जीव गेला असता, हे मी मान्य करतो. पण बांधायच्या आधी एक मिनिट, ‘काही सांगायचंय का’ एवढं विचारायला कोणता नियम आडवा येतो?

नंतर ते बोटही गेलं. चेहऱ्याच्याही नसा गेल्या (ओठ पुन्हा हलले ते पुढे, गळ्याच्या नळीच्या वेळी), पापण्या धड मिटेनात. उरले डोळे, तेही फक्त वर-खाली. सकाळच्या सिस्टरने ठरवलं : ‘हो’साठी वर बघा. रात्रीच्या सिस्टरने ठरवलं : ‘नाही’साठी वर बघा. दोघी आपापल्या जागी बरोबर. सकाळी दुखत असलेला मी रात्री दुखत नाही म्हणू लागलो आणि डॉक्टरसाहेबांनी राउंडला लिहिलं की उत्तरं भरवशाची नाहीत. आणि झोपताना पापण्या मिटत नाहीत म्हणून डोळ्यांत मलम घालून वर पट्टी लावत. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून ते हवंच. पण ज्याचं बोलणं डोळ्यांत आहे त्याच्या डोळ्यांवर पट्टी लावली म्हणजे त्याचं तोंड बांधलं, हे कोणीतरी पट्टी लावायच्या आधी लक्षात घ्यावं. एका रात्री कूस बदलताना माझा डावा कान उशीखाली दुमडला गेला. दुमडलेला कान. तेवढंच. रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत, पट्टी निघेपर्यंत, मी त्या कानाशिवाय दुसरा कसलाही विचार केला नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी एक तरुण डॉक्टर आला. खुर्ची ओढून बसला. आयसीयूत कोणी बसत नाही, म्हणून लक्षात आहे. त्याने विचारलं, “क्या पत्थर पानी पर तैरता है?” मग, समुद्रात मासे असतात का, हातोडीने खिळा ठोकतात का. पेशंट भ्रमात आहे की शुद्धीत, हे बघायची ही जगभर चालणारी चाचणी आहे, ते मला नंतर कळलं. (दगडाचा प्रश्न मात्र आपल्याकडे बदला. रामाच्या नावाने दगड तरले हे जन्मभर ऐकलेल्या माझ्या आजीने ठामपणे ‘हो’ म्हटलं असतं आणि तुम्ही तिला भ्रमिष्ट ठरवलं असतं.) मी सगळी उत्तरं दिली. त्याने फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि जाताना म्हणाला, “सर तो पूरे होश में हैं.” दहा दिवसांत मला पहिल्यांदा कोणीतरी अंकल सोडून सर म्हटलं. पण ‘वर म्हणजे हो’ ही खूण त्याने कॉटच्या डोक्याशी लिहून ठेवली नाही. त्याची शिफ्ट संपली आणि मी पुन्हा बेभरवशाचा झालो.

बाराव्या दिवशी गळ्याला छेद द्यायचं ठरलं. संमतीचा कागद माझ्या बायकोच्या सहीसाठी आला, मुलाला पुण्याला फोन लावला, धोके समजावून सांगितले. सगळं माझ्या पायथ्याशी उभं राहून. मी ऐकत होतो आणि माझी हरकतही नव्हती. पण विचारलं कोणीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगून ठेवलं आहे की सज्ञान आणि सक्षम पेशंटची संमती ही त्याचीच हवी. तिथे तर पेशंट भुलीखाली होती आणि संमती प्रत्यक्ष आईची होती. तरी न्यायालय म्हणालं, जीवघेणी निकड नव्हती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. मी तर शुद्धीवरच होतो. फक्त मला विचारायची रीत तुमच्याकडे नव्हती.

आता ती रीत आमच्याकडे कशी आली ते सांगतो. माझी बायको चाळीस वर्षं संसार केलेली बाई, पण तिला मोर्स येत नाही. तिने काय केलं, खजुरी बाजारात जाऊन भिंतीवर लावायचा अक्षरांचा तक्ता आणला. मराठी मिळाला नाही. हिंदी मिळाला, क से कबूतर, ख से खरगोश. पण पहिल्या दिवशी मला त्यात धुकं दिसलं, कारण माझा चष्मा अंगठी आणि कवळीबरोबर भरतीच्या दिवशीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी पाठवला होता. दुसऱ्या दिवशी चष्मा आला. मग ती एकेका ओळीवर बोट ठेवायची : क-ची ओळ? च-ची? ट-ची? ओळ आली की मी वर बघायचो. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर.

पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की पूर्वजांनी ही वर्णमाला जणू मुक्या पेशंटसाठीच मांडली आहे. पाच ओळी, पाच खाने, खाली य-र-ल-व आणि श-ष-स-ह. इंग्रजी ए-बी-सी-डी ही एक लांबलचक रांग. झेडपर्यंत जायचं तर सव्वीस वेळा मान डोलवा. आपल्याकडे आधी ओळ, मग खाना, संपलं. परदेशात यासाठी अक्षरांची मुद्दाम वेगळी जुळणी करावी लागते, जास्त वापराची अक्षरं आधी अशी. आपली चौकट तयार आहे. काना-मात्रा-वेलांटीच्या नादी लागायचं नाही. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नव्हता, तरी त्याच लिपीत होळकरांचा कारभार चालला. नुसती व्यंजनं सांगितली की घरचा माणूस शब्द ओळखतो.

बहुतेक वेळा. पहिल्या दिवशी मी तीन अक्षरं सांगितली : ह, य, त. हिने जुळवलं ‘हयात’ आणि ती रडायलाच लागली. तिला वाटलं मी विचारतोय, मी हयात आहे ना? सिस्टर धावत आल्या. मला म्हणायचं होतं, हयातीचा दाखला! नोव्हेंबर चालू होता. पेन्शनरला नोव्हेंबरात बँकेत आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते, आणि आयसीयूचं बिल पेन्शनवर चाललं होतं. मुलाने मोबाइलवरून चेहरा दाखवून दाखला काढायचा प्रयत्न केला. फोन म्हणाला, पापणी लववा. माझी पापणी लवेना. म्हणजे सरकारी यंत्रालाही माझी हयात डोळ्यांवरूनच ताडायची होती आणि तिथेही माझं उत्तर नोंदलं गेलं नाही. शेवटी डिसेंबरात जमलं, ते असो.

आणि दोन दिवसांनी मी ‘कळ’ सांगायला गेलो. पायात कळ येत होती. क मिळाला. ळ मिळेना. हिंदी तक्त्यात ळ असतोच कुठे? मी ल सांगितला, हिने वाचलं ‘कल’, आणि म्हणाली, हो, उद्या येणार आहे मुलगा. मी डोळे खाली केले, पुन्हा केले, पुन्हा केले. मग तिचं तिलाच उमगलं. बॉलपेनने तक्त्याच्या कोपऱ्यात तिने एक भला मोठा ळ काढला. त्या तक्त्यावर ळ साठी चित्र नाही, आणि तो मी अजून जपून ठेवला आहे.

माझं तारखात्याचं डोकं शब्द प्रति मिनिट असं चालतं. माणूस बोलतो मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द. मोर्सवर चांगला तारबाबू वीस-पंचवीस काढतो. तक्त्यावर मी दोन मिनिटांना एक शब्द काढत होतो. वेग वाढवायचा उपाय मला आमच्याच खात्यात सापडला. शुभेच्छांच्या तारा आठवतात? दिवाळी, लग्न, बाळ झालं, परीक्षा पास, प्रत्येक मजकुराला ठरलेला क्रमांक असे. गिऱ्हाईक क्रमांक सांगे, तारेवरून आकडा जाई, आणि पलीकडे पूर्ण वाक्य छापून निघे. मी हिला अक्षर-अक्षर सांगून अशी यादी करून घेतली. एक, दुखतंय. दोन, कफ ओढा. तीन, कूस बदला. चार, गरम होतंय. पाच, लाइट बंद करा. सहा, आज माझ्यावर काय करणार आहात ते सांगा. सात, कान बघा. आठ, तुम्ही चुकीचं समजलात, पुन्हा विचारा. या आठव्याचा वापर सर्वांत जास्त झाला. तुमच्या कोणत्याही छापील तक्त्यावर हे वाक्य नसेल तर तो तक्ता अर्धा आहे.

तारेचा दुसरा नियम त्याहून मोठा. घेणाऱ्याने पोच दिल्याशिवाय तार गेली असं आम्ही धरत नसू, आणि आकडे किंवा शंकेचा शब्द असला तर परत वाजवून पडताळून घेत असू. कॉटपाशीही तेच हवं. “तुम्ही म्हणताय डावा पाय, टाच. बरोबर?” आणि मग थांबायचं. आम्हाला उत्तर द्यायला वेळ लागतो. ‘पाणी हवंय का, का कूस बदलू, का थंडी वाजतेय?’ असे तीन प्रश्न एका दमात आले तर ‘हो’ कशाला म्हणायचं?

मी बरा व्हायला लागल्यावर मुलाने याबद्दल बरंच वाचून दाखवलं. जग फार पुढे गेलं आहे. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ मध्ये असाच गळ्याच्या छेदात गेला. त्यांनीही आधी अक्षरांच्या कार्डावर भुवई उचलून शब्द जुळवले, मग हातातल्या बटणावर चालणारा कॉम्प्युटर आला, मिनिटाला पंधरा शब्दांपर्यंत. हात गेल्यावर गालाच्या एका स्नायूची हालचाल चष्म्यातला सेन्सर टिपू लागला. इंटेलने त्यांच्यासाठी केलेली ती प्रणाली २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली करून टाकली. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधक गटांनी मेंदूतल्या संकेतांवरूनच मिनिटाला ६२ आणि ७८ शब्द काढून दाखवले. म्हणजे मोर्सची तिप्पट! हे वाचून मला आनंदच झाला. पण इतकं लांब जायची गरज नाही. आयआयटी मुंबईने केलेलं ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारं ॲप फुकट मिळतं. चेन्नईचं ‘आवाज’ आहे. दोन्ही मुळात बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी, पण ज्या पेशंटचा हात हलतो त्याला कोण नको म्हणतंय? गूगलचं ‘लुक टू स्पीक’ फोनच्या कॅमेऱ्यातून नजर डावीकडे, उजवीकडे की वर हे ओळखतं, आणि त्यात आपली वाक्यं आपण लिहून ठेवू शकतो. नजरेने चालणारी मोठी यंत्रं लाखांच्या घरात जातात, ती प्रत्येक कॉटला द्या असं मी म्हणणार नाही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांनी मिळून एखादं घ्यावं आणि लागेल तिथे न्यावं. यकृत नेण्यासाठी ग्रीन कॉरिडॉर करून रस्ते मोकळे ठेवणारं शहर आहे हे.

आणि गळ्याच्या नळीवर बसणारी बोलण्याची झडप. हवा आत घेते, बाहेर सोडत नाही, म्हणून श्वास स्वरयंत्रातून वर जातो आणि आवाज फुटतो. ही डेव्हिड मुइर नावाच्या तरुणाने शोधली, जो स्वतः स्नायूंच्या आजाराने जखडून व्हेंटिलेटरवर होता. म्हणजे तीही आमच्यातल्याच एकाने केली! मला ती चौतिसाव्या दिवशी लावली, आधी फुगा उतरवून. (फुगा उतरवल्याशिवाय लावली तर श्वास बाहेर जायला वाटच राहत नाही, म्हणून हे काम शिकलेल्या माणसाचंच.) पंधरा मिनिटं. मी चहा मागितला. मिळाला नाही. पण हा प्रयोग आठवडाभर आधी करता आला असता असं तोच तरुण डॉक्टर म्हणाला, फक्त झडप स्टोअरमध्ये नव्हती.

सगळ्यांचं गणित माझ्यासारखं नसतं हे मला कळतं. पक्षाघाताने ज्याची भाषाच विस्कटली आहे त्याला अक्षरांचा तक्ता उपयोगाचा नाही, त्याला चित्रं आणि बराच धीर लागेल. आपल्या भागात तंबाखू-गुटख्यापायी जीभ किंवा स्वरयंत्र गमावलेले कितीतरी आहेत, त्यांचे हात चांगले असतात, त्यांना पाटी-पेन्सिल द्या. अक्षर न शिकलेली म्हातारी असेल. ऐकू न येणारा असेल, ज्याचं मशीन घरी राहिलं. कोणाला काय चालेल हे ठरवणारा माणूस म्हणजे स्पीच थेरपिस्ट. माझ्या चौतीस दिवसांत तो कॉटपाशी आला नाही, कारण त्याला फक्त गिळण्याच्या तपासणीसाठी बोलावतात, आणि माझी पाळी सर्वांत शेवटी आली.

कायद्याचं म्हणाल तर दिव्यांगजन अधिकार कायदा, २०१६ मध्ये ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच बोलण्याला पूरक आणि पर्यायी पद्धती घातलेल्या आहेत. पण तो कायदा दीर्घकाळच्या अपंगत्वासाठी. महिना-दीड महिना मुका राहिलेला माणूस त्या फटीतून खाली पडतो. आणि पैशाचं म्हणाल तर कॅनडातल्या क्विबेक प्रांतातल्या रुग्णालयांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ज्यांना आपलं म्हणणं सांगता येत नाही अशा पेशंटना टाळता येण्याजोगी इजा होण्याची शक्यता तिप्पट निघाली. इजेवरचा उपचार तक्त्यापेक्षा महाग असतो, हे व्यवस्थापक मंडळींना मी काय सांगावं.

मागणं साधं आहे. प्रत्येक कॉटला जसा सलाइनचा स्टँड, तसा एक तक्ता. एका बाजूला चित्रं आणि क्रमांकाची वाक्यं, दुसऱ्या बाजूला अक्षरं. हिंदीत हवाच, पण मराठी, गुजराती, सिंधी, उर्दूतही, कारण इंदूर ही एका भाषेची वस्ती नाही आणि दुखणं माणसाला आईच्या भाषेत परत नेतं. कॉटच्या डोक्याशी जिथे ‘निराहार’ची पाटी लावता तिथेच पेशंटची ‘हो’ची खूण लिहा. ती शिफ्ट बदलली म्हणून बदलणार नाही, आणि ड्यूटी सोपवताना औषधांबरोबर तीही सांगितली जाईल. भरतीच्या वेळी चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन घरी पाठवू नका, नाव घालून उशाशी ठेवा. बायपास किंवा दुसरी ठरलेली मोठी शस्त्रक्रिया असेल तर पेशंट नळीसकटच जागा होणार हे तुम्हाला आदल्या दिवशीच माहीत असतं. तेव्हाच त्याला तक्ता दाखवा, त्याची खूण त्यालाच ठरवू द्या. बेल दाबता येत नाही त्याला गालाने किंवा फुंकरीने चालणारी बेल द्या. मुख्य म्हणजे रात्री. आणि हात बांधायची वेळ आली तर आधी तक्ता समोर धरा.

ओल्या-सुक्यापासून सॅनिटरी कचऱ्यापर्यंत सहा डबे वेगळे करायला या शहराने घरोघरी शिकवलं, तेही माझ्यासारख्या हेकट माणसाला. त्या मानाने हे सोपं आहे.

मी आता काठी घेऊन चालतो. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. हिच्या तक्त्यावरून मी मराठीचा एक स्वच्छ तक्ता तयार करून लॅमिनेट करून घेतला आहे, ज्यांना हवा त्यांना देईन. दुपारी तीन ते पाच मोकळा असतो, कोणत्याही रुग्णालयाने बोलावलं तर सिस्टर मंडळींसमोर कॉटवर पडून दाखवायचीही तयारी आहे. पेशंटचं काम मला येतं.

आपला नम्र,
एक निवृत्त तारबाबू
रामबाग, इंदूर

ता. क. : तक्ता छापायला टाकाल तेव्हा प्रूफ एखाद्या मराठी माणसाला दाखवा. ळ राहून जातो.